कोसमटोल्यात दोन ड्रिल

१८ जून, मंगळवार

अंकुशदादाने पाठवलेला नवा ड्रिल आज पोचला. घुग्घुसहून चंद्रपूर, तिथून बसने तालुक्याला आणि पुढे किराणावाल्याच्या पिकअपमध्ये तेलाच्या डब्यांवर बसून कोसमटोल्यापर्यंत. खोकं तेलकट झालं आहे, मशीन ठणठणीत.

दादाचं घुग्घुसला हार्डवेअरचं दुकान आहे. माझ्याकडे त्यानेच दिलेला जुना, छोटा, बॅटरीवरचा ड्रिल आहे. मच्छरदाणीचे हुक लावायला म्हणून दिला होता. त्या मॉडेलचा बराच माल त्याच्या दुकानात अजून पडून आहे आणि गिऱ्हाईक विचारतं, नवे आले, आता हा चालेल का? दुकानात काय ठेवायचं ते दादाला दिवाळीच्या आधी ठरवायचं आहे. फोनवर म्हणाला, "दोन्ही वापर आन् खरं काय ते लिहून ठेव. तुले तिथी तसंही काय काम हाय?"

म्हणणं खोटं नाही. फेब्रुवारीपासून मी ह्या उपकेंद्रावर नर्स आहे. दोन खोल्या, एक व्हरांडा, छतावर सोलरची एक पाटी. एका खोलीत मी राहते. दुसरी बाळंतपणाची. तिथे आजवर एकही बाळंतपण झालेलं नाही. गादीचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही.

सुरुवात वजनाने केली. दुसरा काटा नसल्यामुळे बाळांच्या वजनकाट्याच्या झोळीत एकेक ड्रिल घालून टांगला. जुना एक किलोच्या जरा वर. नवा दोन किलोला थोडा कमी. आमच्या निकषाने दोघेही कमी वजनाचे.

तेवढ्यात सोमारी आली. ती गावची आशाताई. पोरं, गरोदर बाया, ताप-खोकला सगळं तिला माहीत असतं. माडिया आणि मराठी दोन्ही बोलते, त्यामुळे माझं सगळं बोलणं तिच्यामार्फत चालतं. झोळीत लोंबणाऱ्या ड्रिलकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"बाई, हे कोनाचं व्हय?"

"दादाचं. मशीन आहे."

"मंग वजन काऊन करून राह्यल्या?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.


२१ जून, शुक्रवार

चाचणी पहिली: भिंत. लसीकरणाचा फलक लावायचा होता, त्याला दोन भोकं.

जुन्याला ठोका देण्याची सोय नाही, तो नुसता फिरतो. विटेवर फिरत राहिला, फिरत राहिला, शेवटी गरम झाला आणि मी पण. नव्याने दुसरं भोक चटकन पाडलं आणि हाताएवढा गिलाव्याचा पोपडा सोबत काढला. गुण नव्याला. गिलावा सरकारी आहे, त्याचे गुण कापले नाहीत.

फलक लागला. लसीकरणाला चार पोरं आली, त्यातली दोन एकाच घरची.

सोमारी दिवसभर बघत होती. जाताना म्हणाली, "बाई, ह्यानं दाराले कडी लावता येते का?"

"कुठल्या दाराला?"

"त्या खोलीच्या." बाळंतपणाच्या खोलीकडे बोट. "आतून कडीच नाई तिले."

खरंच नाही. ठेकेदाराने बाहेरून कुलपाची कडी लावली, आतून लावायचीच राहिली. मी म्हटलं, लावू कधीतरी, तशीही ती खोली वापरात नाही, घाई काय आहे.




२६ जून, बुधवार

सोमारीने कडीचं चार वेळा विचारलं, तेव्हा म्हटलं चाचणीच करून टाकू. किराणावाल्याकडून सरकवायची कडी मागवली.

चौकट लोखंडी, दार प्लायचं, आणि चौकटीला लागूनच आडवी भिंत. नवा ड्रिल त्या कोपऱ्यात मावतच नाही. त्याचं ढुंगण भिंतीला लागतं आणि टोक तिरकं होतं. जुना आरामात बसला. लोखंडाला वेळ लागला, मधे एकदा बॅटरी बदलावी लागली, पण भोक सरळ पडलं. स्क्रूही त्यानेच बसवले. शेवटचा एक मुद्दाम नव्याने आवळला, तुलना व्हावी म्हणून. त्याने एवढ्या जोरात आवळला की स्क्रूचं डोकंच खाल्लं. आता तो स्क्रू कोणाच्या बापाला निघणार नाही. गुण जुन्याला.

काम झाल्यावर सोमारी आत गेली आणि तिने कडी लावून घेतली. मी बाहेर पसारा आवरत होते. बराच वेळ झाला तरी येईना.

"काय करतेस?"

"काई नाई. बसली हाओ."

संध्याकाळी ती तीन बायांना घेऊन आली. एकेक जण आत गेली, कडी लावली, आत थांबली, कडी काढली, बाहेर आली. त्यांत गावातल्या इसरूभाऊंची सून सुकरी होती, सातवा संपत आलेली. आलीच आहे म्हणून तिचं बीपी बघितलं, रक्त तपासलं, गोळ्या दिल्या. एरवी सोमारीने दहा निरोप धाडले तरी ही मुलगी येत नाही.

ड्रिल बघायला लोक येतात, एवढं मात्र दादाला कळवायला हरकत नाही.


५ जुलै, शुक्रवार

प्राथमिक आरोग्य केंद्रावर मीटिंग झाली. सगळ्या उपकेंद्रांची बाळंतपणं वाचून दाखवली. आमच्या नावापुढे शून्य. डॉक्टर मॅडम ओरडल्या नाहीत. "दिव्या, काय अडचण आहे?" एवढंच विचारलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना किराणावाल्याच्या पिकअपमध्ये ठरवलं. पावसाळा संपेपर्यंत बघायचं. नाहीच काही झालं तर राजीनामा देऊन घुग्घुसला जायचं आणि दादाच्या दुकानात बसायचं. शाळेमागच्या चिंचेखाली फोनला रेंज येते. तिथून दादाला सांगितलं. तो खूश झाला. "ये ना वं. काऊंटरवर शिकलेलं मानूस पायजेच मले. आन् ड्रिलचं काय झालं?"

म्हटलं, एक-एक बरोबरी.


१४ जुलै, रविवार

आज जे केलं ते बरोबर की चूक, ठरवता येत नाही.

सोमारी सकाळीच आली. "बाई, लहान मशीन घ्या आन् चला."

गावाच्या कडेला कुर्माघर आहे. पाळीच्या दिवसांत बाया घर सोडून तिथे राहतात. मातीची ठेंगणी झोपडी, दार वाकून जायचं. पुरुष तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळे काही मोडलं तर गावातला सुतारही येत नाही. दार बिजागरीतून सुटलं होतं आणि आत सामान ठेवायला फळी नव्हती. साप निघाला होता म्हणे, म्हणून जमिनीवर भाकरी ठेवायची भीती.

"तुमी बाई हाव," सोमारी म्हणाली. "तुमाले चालते."

ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं की बायांना अशा घरातून बाहेर काढायचं, समजावायचं. मी फेब्रुवारीत येऊन एकदा समजावलं होतं. त्यानंतर दोन महिने कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. आणि आज मी तिथेच बिजागऱ्या ठोकून राह्यले होते. मॅडमला कळलं तर काय सांगायचं? पण साप समजावून जाणारा नव्हता.

चाचणी म्हणून नवाही नेला होता. खांब साजाच्या लाकडाचा, दगडासारखा. जुना त्यात अर्ध्यावर जाऊन थांबला. नव्याने पार केलं. मग बांबूच्या चौकटीवर नवा लावला तर बांबू उभा चिरला. बाया हसल्या. दुसऱ्या बांबूला जुना लावला, हळूहळू पडलं भोक, चिरला नाही. पुन्हा बरोबरी.

खूप वेळ लागला, कारण बाया बोलत बसल्या. सुकरीही होती, बाहेर शेणाने सारवलेल्या जागेवर. तिचं पहिलं बाळ मागच्या पावसाळ्यात घरीच जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं, हे तिने आज सांगितलं. म्हणजे सोमारीला सांगितलं. ती माडियात बराच वेळ बोलली, सोमारीने मराठीत केलं, "ते नाई रडलं म्हने."

मी विचारलं, उपकेंद्रात का नाही आणलं? सोमारीने सांगितलं की माझ्या आधीच्या बाईंच्या वेळी गावातली एक जण आली होती. कॉटवर निजली, आणि दार ढकलून शेळी आत आली. शेळीमागे शेळीवाला. ती तशीच उठली आणि घरी गेली. त्यानंतर कोणी आलं नाही.

मी म्हटलं, शेळ्या बांधून ठेवायला हव्यात. व्हरांड्याला जाळी मागावी लागेल.

सोमारी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "द्या, मी करून पाह्यतो," आणि जुना ड्रिल हातात घेतला. फळीचे शेवटचे दोन स्क्रू तिने बसवले. एक वाकडा गेला. तिने उलटं बटण दाबून काढला आणि परत बसवला. उलट्या बटणाचं मी तिला सांगितलं नव्हतं.


२७ जुलै, शनिवार

इसरूभाऊ आज उपकेंद्रावर आले. सुकरीचे सासरे. गावात त्यांचा शब्द चालतो. पहिल्यांदाच आले, म्हणून मी खुर्ची पुसून दिली. ते खाली बसले. मग मलाही खाली बसावं लागलं.

"बाई, तुमी आमच्या बायायले काय शिकवून राह्यल्या?"

मला वाटलं, ड्रिलबद्दल विचारतात. मी म्हटलं, फार कठीण नाही, हात स्थिर पाहिजे.

"ते नाई. सून म्हनते, खोलीत जाईन. आमच्या घरच्या बाया आजलोक कोनत्या खोलीत नाई गेल्या. मी घरीच झालो. बुधू घरीच झाला." बुधू म्हणजे त्यांचा मुलगा, सुकरीचा नवरा. तो अंगणात सायकल धरून उभा होता, आत आला नाही.

मी बीपीचं सांगितलं, रक्त कमी आहे ते सांगितलं, मागच्या वेळचं सांगितलं. मागच्या वेळचं काढायला नको होतं. त्यांनी चेहरा फिरवला.

"त्या लेकराचं नाव नोका काढू," म्हणाले आणि उठले. दारापाशी थांबून बाळंतपणाच्या खोलीत डोकावले. कडीकडे पाहिलं, हाताने सरकवून पाहिली. "हे तुमी लावलं?"

"हो."

"वाकडी हाय," म्हणाले आणि गेले.

वाकडी नाही. ओळंब्याने तपासली.


६ ऑगस्ट, मंगळवार

पाच-सहा दिवस झाले, लाईट नाही. कुठेतरी झाड पडून तार तुटली आहे आणि नाल्याला पाणी असल्यामुळे लाईनमन येऊ शकत नाही. गावाचा रस्ता नाल्यावरूनच जातो.

नव्याचं एक गंभीर वैगुण्य उघड झालं. त्याचा चार्जर सोलरच्या इन्व्हर्टरवर लावला की इन्व्हर्टर टीं करतो आणि सगळं बंद पडतं. दिवा जातो, माझा फोन जातो. त्याला जास्त करंट लागतो. जुन्याचा चार्जर मोबाईलच्या चार्जरसारखा गरीब आहे. ऊन पडलं की जुना भरतो. आज दुपारी थोडं ऊन होतं, त्याच्या दोन्ही बॅटऱ्या भरून घेतल्या. नव्याची मेली आहे.

दादाला कळवायला चिंचेखाली गेले, पण टॉवरच बंद.

सुकरीला नववा लागला आहे. ह्या आठवड्यात तिला तालुक्याला न्यायचं ठरवलं होतं, मॅडमशीही बोलून ठेवलं होतं. नाल्याचं पाणी बघून आले. ह्या आठवड्यात कोणीच कुठे जात नाही. ट्रेनिंगमध्ये आठ बाळंतपणं केली आहेत, पण तेव्हा मागे कोणीतरी उभं असायचं. इथे मागे माझी खोली आहे.


१२ ऑगस्ट, सोमवार

आजच लिहून काढते. नंतर क्रम विसरेन.

सकाळी भांडी घासत होते. व्हरांड्यात आवाज आले. सुकरी, तिची सासू, सोमारी आणि मागे अर्धं गाव. सुकरी चालत आली होती, कमरेवर हात ठेवून, दर थोड्या वेळाने थांबत. इसरूभाऊ तिच्या मागून येत होते आणि सारखं काहीतरी बोलत होते. ती एकदाही मागे वळली नाही. मी हात पुसेपर्यंत ती सासूला आणि सोमारीला घेऊन खोलीत शिरली आणि आतून कडी लावली.

मी बाहेर.

मी दार वाजवलं. "सोमारी, मला आत घे."

"थांबा बाई. सुकरी म्हनते, मानसं गेल्याबिगर दार नाई उघडत."

मी व्हरांड्यातल्या लोकांना जायला सांगितलं. कोणी हललं नाही. इसरूभाऊ खांबाला टेकून उभे. आतून सुकरी ओरडली, कळ आली म्हणून नव्हे, नीट शब्दांत, माडियात. काय ते मला कळलं नाही. पण पुरुष एकेक करून उठले आणि चिंचेकडे गेले. इसरूभाऊ शेवटी गेले.

"आता उघड."

आत खडखड झाली. मग अजून खडखड. मग सोमारीचा आवाज, "बाई, निघत नाई."

पावसाने दार फुगलं होतं. कडी लावताना जोर लावून लागली, आता भोकात घट्ट बसली. मी बाहेरून खांदा लावला, सोमारीने आतून मुठीने ठोकली. दार जागचं हललं नाही. आत सुकरीची कळ आली आणि ह्या वेळी ओरडणं शब्दांत नव्हतं.

लोखंडी चौकट, नवं दार, मीच लावलेली कडी. आपण केलेलं काम इतकं पक्कं असू नये असं पहिल्यांदा वाटलं.

मागच्या बाजूने खिडकीकडे पळाले. खिडकीला लोखंडी गज. गजांतून सोमारीचा चेहरा, मागे सुकरी कॉट धरून उभी. माझी सगळी अक्कल, इंजेक्शनं, हातमोजे, नाळ कापायचं सामान बाहेर, आणि बाई आत.

खोलीत जाऊन दोन्ही ड्रिल आणले. खरं तर दोन्ही आणायची गरज नव्हती, नव्याची बॅटरी मेलेली होती. पण घाईत दोन्ही आणले. आधी नवाच हातात आला म्हणून तोच गजांत घातला. अडकला. जुन्याची बॅटरी काढली, तोंड पुढे करून सरकवला. गेला. बॅटरी मागून दिली.

"सोमारी, उलटं बटण..."

"म्हाईत हाय, बाई."

"घाई करू नको. टोक नीट बसव, मग दाब."

"बाई, तुमी दारापाशी जा."

मी दारापाशी गेले. आतून जुन्याचा आवाज. त्याचा आवाज चिडलेल्या भुंग्यासारखा आहे, मी तो कधी चांगला म्हटला नव्हता. एक स्क्रू खाली पडल्याचं ऐकू आलं. दुसरा. तिसऱ्याला वेळ लागला. मधे सुकरीची कळ, मधे सासूचं पुटपुटणं. तिसरा पडला.

"चवथा नाई निघत. त्याचं डोस्कंच नाई."

तो मी नव्याने आवळलेला. मी दाराला कपाळ टेकवून उभी होते. तेवढ्यात आत सासू काहीतरी बोलली आणि लाकूड फाटल्याचा आवाज झाला. सासूने सोबत विळा आणला होता, लोखंड जवळ असावं म्हणून. तो कडीखाली घालून दोघींनी कडी दारातून उपटली. दार उघडलं तशी मी त्याच्यासकट आत पडले.

पुढचं सगळं भराभर झालं. सामान आत घेतलं, हात धुतले. आता दाराला कडी नव्हती, उलट तिथे पंजाएवढं खिंडार पडलं होतं आणि दार आपोआप उघडत होतं. सुकरीने ते पाहिलं आणि उठून बसली. जायला निघाली. मी धरलं, सासूने धरलं. तिची नजर दारावरून हटेना.

तेव्हा दार बाहेरून कोणीतरी ओढून घेतलं. घट्ट. खिंडारातून पाठ दिसत होती, पांढरी बंडी. मग पाठीने खिंडारही बंद झालं.

सोमारीने बाहेर काहीतरी विचारलं. बाहेरून एकच शब्द आला.

"कोण आहे?" मी विचारलं.

"इसरूभाऊ हायत. म्हनतात, धरून ठेवतो."

सुकरी निजली.

बाळ दुपारच्या आत झालं. मुलगी. ती रडली नाही. सासूने तोंडावर पदर धरला. मी बाळाला पुसलं, तोंड-नाक साफ केलं, पाठ चोळली, पुन्हा पुसलं. मग बाळाने तोंड वाकडं केलं, जणू माझा हात आवडला नाही, आणि रडलं. दारापलीकडची पाठ हलली, पण दार हललं नाही. सुकरीला इंजेक्शन दिलं, रक्त आटोक्यात होतं. सगळं आवरून, तिला लुगडं नेसवून झाल्यावरच सोमारीने दारावर थाप मारली. इसरूभाऊंनी ओढून धरलेलं दार सोडलं. बोटं लगेच सरळ होत नव्हती, ते दुसऱ्या हाताने चोळत होते.

आत आले नाहीत. दारातूनच बाळाकडे पाहिलं.

"रडलं," म्हणाले.

"हो. पोरगी आहे."

"आयकलं मी," म्हणाले आणि चिंचेकडे गेले. तिथे बुधू उभा होता, सायकलशिवाय.


१३ ऑगस्ट, मंगळवार

सुकरी बरी आहे, बाळ दूध पितं. तिला आणखी एक दिवस ठेवणार.

सकाळी उठले तर बुधू दारापाशी. खिंडारावर त्याने सागाची फळी बसवायला आणली होती, रंधून गुळगुळीत केलेली. मी ड्रिल दिला. त्याने नवा घेतला, मग त्याची बॅटरी मेली आहे हे कळल्यावर जुना घेतला. काम चांगलं केलं. उपटलेली कडी आता कुठे लावायची ते सुकरीने कॉटवरून सांगितलं. मी सुचवलेली जागा तिला पसंत पडली नाही.

आता कडीच्या भोकात बोटभर जागा सोडली आहे. पावसात दार फुगतं हे मला आधी कळायला हवं होतं. ड्रिलचा त्यात दोष नाही, कुठल्याच.


२५ ऑगस्ट, रविवार

लाईट आली. टॉवरही. चिंचेखाली बसून दादाला ड्रिलचा निकाल सविस्तर सांगितला.

भिंत, काँक्रीट, जाड लाकूड असेल तर नवाच घ्यावा, जुन्याने तिथे माणसाचा दिवस वाया जातो. कोपरा, पातळ काम, बांबू, स्क्रू आणि उंचावर हात धरून करायचं काम असेल तर जुना आजही पुरतो, आणि बायांच्या हाताला तो बसतो. सोलरवर चार्ज करायचा असेल तर जुनाच. ज्याच्याकडे आहे त्याने फेकू नये. ज्याच्याकडे एकही नाही त्याने काय करावं ते त्याच्या भिंती बघून ठरवावं.

दादा म्हणाला, "म्हनजे दोन्ही ठेवू?"

"दोन्ही."

"बरं. मंग आता तो जुना मले वापस धाड. एक गिऱ्हाईक वापरलेलाच मांगते." मग म्हणाला, "आन् तू कधी येतं? काऊंटर रिकामाच हाय."

मी म्हटलं, जुना माझ्याकडे नाही, सोमारीकडे आहे. ती शेजारच्या टोल्यावर, म्हणजे पलीकडच्या वस्तीवर घेऊन गेली आहे, तिथल्या कुर्माघराला खिडकी करायची म्हणून. आल्यावर बघते. काऊंटरबद्दल म्हटलं की सध्या व्हरांड्याच्या जाळीचं काम निघालं आहे, ते अर्धवट टाकून येता येत नाही.

"जाळी कायले?"

"शेळ्या येतात."

दादा हसला. मग म्हणाला, "आईले सांगतो मी."

आईला काय सांगणार आहे ते मी विचारायला हवं होतं.


११ सप्टेंबर, बुधवार

बरेच दिवस लिहिलं नाही. जाळीला वेळ लागला. मॅडम मधे येऊन गेल्या, खोली पाहिली, कडी लावून-काढून पाहिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दारावरच्या फळीबद्दल विचारलं नाही, बरं झालं.

आज सकाळी नाल्यापलीकडच्या टोल्यावरून जुरी नावाची मुलगी आली. तिचा भाऊ डोक्यावर गाठोडं घेऊन सोबत. नववा आत्ताच लागला आहे, अजून महिनाभर तरी आहे. मला वाटलं, त्यांच्याकडेही काहीतरी बसवायचं असणार. म्हटलं, लहान मशीन सोमारीकडे आहे, ती दुपारी येईल, मोठं पाहिजे तर आता देते.

जुरीने भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "मशीन नाई पायजे बाई. पानी वाढल्यावर येता येनार नाई, म्हनून आतापासून राहाले आली."

गाठोड्यात तांदूळ होते, एक लुगडं आणि पाय बांधलेली कोंबडी. कोंबडी माझ्यासाठी की जुरीसाठी, हे भावाला नीट सांगता आलं नाही, किंवा मला नीट कळलं नाही. तो तांदूळ ठेवून, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला, पाणी वाढायच्या आत.

सोमारी आल्यावर कोंबडी कुठे ठेवायची ह्यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, दवाखान्यात कोंबडी चालत नाही. ती म्हणाली, "मंग जुरीले बी चालनार नाई. ते तिच्याबिगर झोपत नाई." जुरी कॉटच्या कडेला बसून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी कोंबडी माझ्या खोलीत, खाटेखाली टोपली उलटी करून ठेवली.

जुरीचं बीपी ठीक आहे, रक्त थोडं कमी. गादीवर चादर घातली. दुपारी ती खोलीत गेली, कडी लावून घेतली आणि झोपली. आतून घोरण्याचा आवाज येत होता. सोमारी आणि मी व्हरांड्यात बसून तांदूळ निवडले.

आज ड्रिलचं काहीच काम निघालं नाही, त्यामुळे दादाला कळवण्यासारखं काही नाही.